लेकराला फोनवर काय विचारता?

संपादकांनी लेख मागताना पालकांसाठी दहा सोप्या सूचना द्या, असं सुचवलं होतं. तशी यादी माझ्याकडे नाही. पोळ्याच्या सुमारास माझ्या दवाखान्यात आलेलं एक प्रकरण आहे, ते अजून मनातून जात नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो.

मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, पुण्यात इंजिनिअरिंगला. घरी कोरडवाहू शेती. विषय राहिले, वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) झाला, कॉलेजला जाणं थांबलं. दिवसभर खोलीत पडून राहायचा, मेसचा डबा एकच वेळ खायचा. घरी कुणाला पत्ता नव्हता. वडील पुन्हापुन्हा म्हणत होते, "साहेब, लेकराला काही कमी पडू दिलं नाही. रोज फोन करत होतो." फोनवर काय बोलणं व्हायचं, ते मी त्यांना आठवायला लावलं. जेवलास का? कॉलेजला गेलास का? पेपर कधी आहेत? पैसे पुरतात का? या चारही प्रश्नांतून एका शब्दात सुटता येतं. मुलगा नंतर मला म्हणाला, "सोयाबीनला भाव नाही म्हणून पप्पा आधीच परेशान होते. वायडी झाला हे कोणत्या तोंडानं सांगू?"

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. नापास झाल्याची बातमी मुलाला घरी सांगता आली पाहिजे. ती ऐकल्यावर खर्चाचा हिशोब काढू नका, चुलतभावाच्या नोकरीचा विषय काढू नका. "बरं झालं सांगितलंस," एवढं म्हणा आणि त्याला बोलू द्या. रडला तर रडू द्या.

मात्र प्रत्येक गोष्ट बोलण्यानं सुटत नाही. झोप, भूक, आवड, एकाग्रता यांत दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघाड दिसला, तर तो आजार असू शकतो. बहुतेक मानसिक आजार पंचविशीच्या आत सुरू होतात, म्हणजे नेमके कॉलेजच्या वयापर्यंत. तरीही माझ्याकडे येण्याआधी मोबाइल काढून घेतलेला असतो, बाहेरचं काही आहे का तेही बघून झालेलं असतं, आणि महिने वाया गेलेले असतात.

आता गोळ्यांबद्दल. 'सवय लागते' हे ऐकून ऐकून मी थकलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. नैराश्यावरच्या, सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या वेगळ्या. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर, आणि नेमक्या याच काळात घरचे गोळ्या बंद करतात. या मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या भेटीत निम्मी भरलेली पट्टी माझ्या टेबलावर ठेवली होती. गोळी एकदम सोडली की चक्कर येते, चिडचिड होते, आणि लोक त्यालाच व्यसन समजतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं असतं. एक इशारा खरा आहे. पंचविशीच्या आतल्या काहींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. तेव्हा मुलाला एकटं ठेवू नका, आणि असं काही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मरणाचा विषय काढला तर मुलाच्या डोक्यात नसलेलं येईल, असं पालकांना वाटतं. तसं होत नाही. संशोधनाचा कौल याबाबत स्पष्ट आहे. "जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?" हे सरळ विचारा. 'हो' म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, सोबत राहा आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. घरातली फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवा. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली, त्यानंतर तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. मरणाच्या विचाराची लाट बहुधा थोडाच वेळ टिकते. तेवढा वेळ काढून देणं घरच्यांच्या हातात असतं.

पोलिसांची भीती धरून आत्महत्येचा प्रयत्न लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं, आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. तुमच्या मुलाच्या कॉलेजात तो आहे का, हे फोन करून विचारा.

हा मुलगा आता बरा होतोय. वर्ष गेलं, ते गेलंच. दिवाळीच्या सुट्टीत तुमची मुलं घरी येतील. सोयाबीनची रास घरात आली असेल, पाहुण्यांची गर्दी असेल. त्यातून एक संध्याकाळ काढा, मुलाला शेतात घेऊन जा आणि निकालाचं न विचारता तो कसा आहे, ते विचारा. उत्तर ऐकून काळजी वाटली तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.