विजेचा मीटर आणि एकटी राहणारी आई

लालबाग-परळच्या चाळीत सकाळी आजीचं दार उघडलं नाही, तर शेजारीण कडी वाजवायची. आता तिथे टॉवर आहेत, दारं बंद असतात. बाहेरगावी राहणारी मुलं मला विचारतात, "डॉक्टर, आई बरी आहे हे रोज कसं कळणार?"

एक मार्ग म्हणजे विजेचा वापर. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ सालीच अशी विजेची किटली आणली, की म्हाताऱ्या माणसाने ती वापरली की मुलांना कळे. आता बसणारे स्मार्ट मीटरही दिवसभराचा वापर थोड्या-थोड्या वेळाने नोंदवतात. पण मीटरला घराचा एकूण वापरच कळतो. नऊ वॅटचा दिवा त्यात हरवतो, दोन हजार वॅटचा गीझर मात्र ठळक दिसतो. म्हणून गीझरला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावणं सोपं पडतं. तो चालू झाला की मोबाइलवर कळतं.

याचा उपयोग काय? पडल्यावर माणूस तासाभराहून जास्त जमिनीवर राहिला, तर दाबलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शरीरातलं पाणी कमी होतं, न्यूमोनियाचा धोका वाढतो. रोज सातला लागणारा गीझर आठपर्यंत लागला नाही, तर लगेच फोन करा.

पण आलेखावर विसंबू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींच्या मुलाने त्यांना न विचारताच प्लग लावला. आजींना ते कळलं. त्या रोज गीझर लावायच्या, पण आंघोळ करायच्या नाहीत. "त्याला उगाच काळजी नको," म्हणाल्या. आलेख उत्तम होता! तपासल्यावर कळलं, उभं राहताच त्यांचा रक्तदाब उतरत होता. चक्कर येते म्हणून बाथरूमची धास्ती बसली होती. गोळ्यांची मात्रा बदलली, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, आणि आंघोळ सुरू झाली.

म्हणून आधी आईला विचारा. काय दिसेल, कोणाला दिसेल, हे सांगा. तिने नको म्हटलं, तर रोज ठरलेल्या वेळी फोन करा. आणि फोन उचलला नाही तर वर जाऊन बघणारं कोणीतरी हवंच: शेजाऱ्यांकडे एक किल्ली ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावा.