डॅशबोर्डवरचं हिरवं पान

इको मोडमुळे माझं महिन्याला किती पेट्रोल वाचतं? जेमतेम लिटरभर. एक महिना बटण लावून आणि एक महिना बंद ठेवून, टाकी फुल ते टाकी फुल, असा हिशोब ठेवला. राजोडीहून वसईतलं डायलिसिस सेंटर जाऊन-येऊन वीसएक किलोमीटर. आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याचे अडीचशे. "शंभर रुपयांसाठी एवढा खटाटोप?" भाऊ हसला. तो औषधांची बिलं बघत नाही.

हे बटण जादू करत नाही. पाय तेवढाच दाबला तरी थ्रॉटल कमी उघडतो, ऑटोमॅटिक गाडी वरचा गियर लवकर टाकते, बऱ्याच गाड्यांत एसीचा जोरही उतरतो. बस. हलक्या पायाचा माणूस यातलं बरंचसं बटणाशिवाय करतो. पप्पांनी वीस वर्षं टेम्पो चालवला. लांबवर गर्दी दिसली की ते आधीच पाय काढायचे. "ब्रेक मारला म्हणजे डिझेल रस्त्यावर ओतलं," असं त्यांचं गणित.

आता ते माझ्या शेजारी बसतात. जाताना ठीक असतात. कोणी चुकीचा ओव्हरटेक केला तर शिव्याही घालतात. येताना मात्र चार तासांत अंगातलं पाणी काढलेलं असतं, बीपी उतरलेलं असतं. एक झटका बसला तरी मळमळतं. डोळे मिटूनच म्हणतात, "सावकाश गं." तेव्हा हे आळशी पेडल मला फार आवडतं. गाडी उडी मारत नाही. गास, निर्मळ, मग वाडीतले अरुंद रस्ते, रविवार असेल तर बीचवर निघालेल्या मुंबईच्या गाड्या. मागून हॉर्न वाजतात. वाजू देत.

उन्हाळ्यात मात्र गर्दीत अडकलो आणि त्यांना घाम फुटायला लागला, की मी मोड बंद करून एसी वाढवते. तिथे पेट्रोलचा विचार करायचा नाही. वसई फाट्यावरून अहमदाबाद हायवेला शिरतानाही बंद. कंटेनरच्या रांगेत घुसायला गाडीने लगेच उचल घेतली पाहिजे. एकदा लेन मिळाली की परत चालू. पण तिथे खरी बचत वेगात आहे, बटणात नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. शंभरने पळवून हिरवं पान बघत बसण्यात काय अर्थ?

पावसाळ्याचं वेगळंच. गासचा रस्ता पाण्याखाली गेला की लांबून वळसा, सगळीकडे ट्रॅफिक, ॲव्हरेजची वाट. पण डायलिसिस चुकवता येत नाही. जूनपासून मी मोबाईलवर भरतीच्या वेळा बघून ठेवते, आणि जोराचा पाऊस असेल तर आम्ही तासभर आधीच निघतो.