पल्याडून बघ की!

माझे पप्पा पेंटर. निपाणीत आमच्या पडवीत अजून ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनचा वास असतो. फ्लेक्स आल्यापासून कामं कमी झाली. मात्र २०२४ साली दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, असा नियम झाला, आणि ज्यांना जुनीच पाटी वापरायची होती असे दोन-चार दुकानदार पप्पांकडे आले. पप्पांची शाळा मराठी. कन्नड मी शाळेत शिकले. म्हणून एका किराणा दुकानाची पाटी माझ्याकडे आली.

मी हौसेनं निळ्या जमिनीवर लालभडक अक्षरं काढली, त्यांना काळी आउटलाइन आणि काळीच शेड दिली. जवळून पाटी झकास दिसत होती. पप्पांनी पाटी दारात उभी केली आणि म्हणाले, "पल्याडून बघ की!"

रस्ता ओलांडून बघितलं तर अक्षरं डोळ्यांपुढं नुसती थरथरत होती. लाल आणि निळा, दोन्ही सारखेच गडद. काळी आउटलाइन निळ्यात बुडालेली, आणि शेड अक्षराला इतकी चिकटलेली की अक्षर जाड झाल्यासारखं वाटत होतं.

पप्पांनी टर्पेंटाइनच्या चिंधीनं सगळं पुसलं. रागावले नाहीत. म्हणाले, "अक्षर आणि जमीन एकमेकांत मिसळत असतील तरच मध्ये आउटलाइन घालायची. इथं पांढरी चालली असती. शेड काळीच पाहिजे असं कुठंय? जमिनीचाच रंग थोडा गडद करून घे. आणि अक्षर नि शेड यांच्यात बारीक फट सोड."

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. कन्नड अक्षरं गोल, तिथं शेड चंद्रकोरीसारखी वळते. मराठीत शिरोरेषेची शेड खाली उतरते आणि 'ष', 'ब' यांची पोटं बुजवते. म्हणून मराठीला शेड बारीक द्यायची.

रंग ठरवताना दुकानदारकाका म्हणाले, "लाल-पिवळं नको. भगवंही नको." आपल्या भागात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. एक नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर कुणाचा राज्योत्सव असतो, तर कुणाचा काळा दिवस. काकांना दोन्हीकडचं गिऱ्हाईक पाहिजे होतं.

शेवटी क्रीम जमीन, गडद निळी अक्षरं आणि बदामी शेड ठरली. एवढ्या फरकात आउटलाइनची गरजच नव्हती. तरी खालची मराठी ओळ लहान झाली म्हणून माझा जीव तुटत होता. मी म्हटलं, "पप्पा, हिला तरी लाल आउटलाइन देऊया."

"वरच्या ओळीला नाही, मग हिलाच का? आउटलाइननं ती आणखी दाटेल. तिच्या भोवती जागा सोड."

मी अक्षरं थोडी आखूड केली आणि चारी बाजूंनी क्रीम रंग मोकळा ठेवला. दोन्ही ओळींची शेड डावीकडे, खाली टाकली. एका पाटीवर उजेड दोन बाजूंनी येत नाही, हेही पप्पांनीच सांगितलं.

पाटी लावली त्या दिवशी मी न सांगता रस्ता ओलांडला. काकांची आई आधीच तिथं उभी होती. तिला कन्नड वाचता येत नाही. डोळ्यांवर हात धरून तिनं खालची ओळ सावकाश, मोठ्यानं वाचली. शेजारून शाळेची दोन पोरं वरची ओळ वाचत गेली. कुणालाच अडखळावं लागलं नाही.