दोन पिशव्या आणि डबाभर माती

आम्ही नवरा-बायको दोघेही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघांचेही बी.एड. झालेले, दोघांचीही तिशी उलटलेली. शाळेत उर्दू, घरात दखनी, रत्नागिरीकडच्या माहेरी कोकणी आणि लिहायला बसलो की मराठी, अशा चार भाषांत आमचा संसार चालतो. 2020 सालच्या टाळेबंदीत त्यात आणखी एका भाषेची भर पडली. ती शेपटीची.

त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, हॉटेले बंद झाली. हॉटेलांच्या उरल्यासुरल्या अन्नावर जगणारी गल्लीतली कुत्री उपाशी फिरू लागली. त्यातलेच एक मळकट बदामी रंगाचे पिल्लू आमच्या जिन्याखाली येऊन बसले. आम्ही शिळी भाकरी टाकली आणि अडकलो. शेजारचा मुलगा त्याला 'टिपू' म्हणू लागला. ते नाव ज्यांचे आहे त्यांच्याबद्दल आम्हाला आदर असल्यामुळे आम्ही ते लगेच बदलले आणि रंगावरून 'भूरा' असे ठेवले.

मुसलमानाच्या घरी कुत्रा म्हटले की काय काय ऐकावे लागते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दर जुम्म्याला सूरह कहफ पढताना गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा आम्हाला भेटतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या गुनाहांची माफी झाली, ही हदीस वर्गात मुलांना आम्हीच सांगतो. पण तोच कुत्रा जिन्याखालून वर आला की शेजारपाजारचे लोक दचकतात. आणि त्यांचे सगळेच चुकते असेही नाही. पाकी-नापाकीचा प्रश्न खरा आहे. त्यातून आमच्या घरात दोन मसलक. सोलापूरकडचे आम्ही हनफी. त्यांच्या मते कुत्र्याची लाळ नापाक, पण त्याचे अंग कपड्याला नुसते घासले म्हणून कपडा नापाक होत नाही. कोकणातले आम्ही शाफई. त्यांच्याकडे कुत्र्याचा ओला स्पर्श झाला की ती जागा सात वेळा धुवायची, त्यातले एक धुणे मातीच्या पाण्याचे. लग्नानंतर आमचे या विषयावर कधी भांडण झाले नव्हते, कारण घरात कुत्राच नव्हता. भूरा आल्यावर आम्ही तोडगा काढला. त्याची जागा गॅलरीत, त्याचे भांडे वेगळे, आणि नमाजचे कपडे कपाटाच्या वरच्या फळीवर.

ही व्यवस्था सोलापुरात ठीक चालली. अडचण येई ती मे महिन्याच्या सुट्टीत. 2023 साली आम्ही त्याला एका ओळखीच्या घरी ठेवून कोकणात गेलो. त्याने खाणे सोडले. चौथ्या दिवशी दोरी तोडून तो आमच्या बंद दाराशी येऊन पडला. शेजाऱ्यांचा फोन आला आणि आम्ही अर्ध्या सुट्टीतून परतलो. त्यानंतरच्या वर्षी गेलोच नाही. अम्मा फोनवर काही बोलल्या नाहीत, पण आंबे पाठवताना पेटीवर पहिल्यांदाच चिठ्ठी नव्हती.

2025 च्या मे महिन्यात मात्र जाणे भागच होते. अम्मांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले होते. भाई कुवैतला, घरात दुसरे कोणी नाही. ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यात थेंब घालायचे, डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही, धूळ लागू द्यायची नाही. आम्ही एप्रिलमध्येच फोन केला आणि भीत भीत भूराचा विषय काढला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग अम्मा म्हणाल्या, "या. त्यालाही आणा. पण तो अंगणात राहील."

एवढ्या परवानगीवर आमची तयारी सुरू झाली.

आधी रेल्वेची चौकशी केली. वातानुकूलित पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे आपल्या नावावर असेल तर कुत्र्याला सोबत नेता येते. नाहीतर पार्सल ऑफिसात बुकिंग करून त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत द्यावे लागते. पहिला वर्ग शिक्षकाच्या पगारात बसेना आणि मेच्या उन्हात लोखंडी पेटी मनाला पटेना. शेवटी आमची जुनी अल्टोच काढायचे ठरले. सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी, म्हणजे पावणेचारशे-चारशे किलोमीटर. लहान गाडी, मागच्या सीटवर भूरा, डिकीत अम्मांसाठी ज्वारीचे पीठ, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. कपड्यांना जागा उरली ती दोन पिशव्यांची. एक आमची दोघांची, एक त्याची.

महिनाभराचे कपडे एका पिशवीत बसवायचे म्हणजे गणितच. आम्ही ते वर्गात शिकवतो तसेच सोडवले. तीन कमीज, दोन सलवारी आणि दोन दुपट्टे असे घ्यायचे की कोणतेही कोणत्यावर चालेल. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा जोड झाले. पुरुषाचे तीन कुर्ते आणि दोन पायजमे, म्हणजे सहा. एकच अट, सगळे रंग एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा फुलाफुलांचा हिरवा कमीज मध्ये आला की तो एकाच सलवारीचा होऊन बसतो आणि हिशेब कोलमडतो.

रंग कोणते घ्यायचे हे भूराने ठरवले. उन्हाळ्यात त्याचे केस इतके गळतात की काळ्या बुरख्यावर चार पावलांवरून दिसतात आणि पांढऱ्या कुर्त्यावर त्याचा पंजा उमटतो. म्हणून दोघांचेही कपडे बदामी, मातकट आणि तपकिरी या तीन रंगांतले काढले. त्यावर त्याचा केस पडला तरी दिसत नाही. काळा बुरखा घरी ठेवून तपकिरी घेतला. सगळे सुती, कारण सोलापूरचे ऊन कोरडे, पण कोकणात मेमध्ये घाम वाळतच नाही आणि जाड कपडा दोन दिवसांत कुबट होतो. कपड्यांच्या घड्या न घालता घट्ट गुंडाळ्या केल्या. त्यामुळे जागा वाचते आणि एक काढताना बाकीचे विस्कटत नाहीत.

नमाजचे कपडे मात्र या हिशेबाच्या बाहेर. दोघांचा एकेक पांढरा जोड आणि एक जानमाज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधले आणि सगळ्यात वर ठेवले, म्हणजे वाटेत जुहरला खालचे काही उपसावे लागणार नाही. बकरीद 7 जूनला होती. तेव्हा तोच जोड ईदचाही, असे ठरवून टाकले.

मग भूराची पिशवी. बाजारात कुत्र्यांचे सदरेसुद्धा मिळतात, पण त्याला उन्हाळ्यात कपडा घालणे म्हणजे जुलूम. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच थंड होतो. त्याचे कपडे म्हणजे सीटवर अंथरायची जुनी सोलापुरी चादर, दोन टॉवेल, गळ्याचा पट्टा, साखळी आणि तोंडाची जाळी. शिवाय त्याचे स्टीलचे भांडे, पाण्याची बाटली, केसांचा ब्रश, गोचिडांचे औषध आणि रेबीजच्या लसीचा दाखला. टॉवेल मुद्दाम लाल घेतले, म्हणजे चुकूनही आमच्यात मिसळायला नकोत. स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा एक सर हसून म्हणाले, "कुत्ते की बी बॅग भरे क्या?" आम्हीही हसलो. पण दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तेव्हा आमच्या लक्षात आले की आमची सगळी अक्कल त्याला आमच्यापासून आणि अम्मांपासून वेगळे ठेवण्यात खर्च झाली होती.

पहाटे फज्र पढून निघालो. घाटात ओकू नये म्हणून त्याला रात्रीच खाऊ घातले होते. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाणी दिले आणि एकजण कायम त्याच्यापाशी राहिलो, कारण बंद गाडीत उन्हात कुत्रा थोड्या वेळातही दगावू शकतो. जुहर आळीपाळीने पढलो. संध्याकाळी आंबा घाट उतरून साखरप्यात आलो तेव्हा हवा बदलली आणि भूराने खिडकीला नाक लावले.

अम्मा ओटीवर उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. अंगणात फणसाच्या झाडाखाली बोट दाखवले आणि आत गेल्या. झाडाच्या बुंध्याशी गवताचा भारा पसरून ठेवलेला होता.

दोन दिवसांनी ऑपरेशन झाले. त्यानंतरचे दिवस घड्याळावर गेले. आम्ही कामे वाटून घेतली होती. थेंब घालणारा हात भूराला लागायचा नाही, भूराला फिरवणारा हात अम्मांच्या खोलीत यायचा नाही. बदामी कपडे खरेच कामाला आले. संध्याकाळी धुतलेला कमीज सकाळी वाळलेला असे. आम्ही स्वतःवर खूश होतो.

मग पाऊस आला. कोकणात तो नेहमी 7 जूनच्या सुमारास येतो, म्हणून आम्ही छत्रीसुद्धा घेतली नव्हती. त्या वर्षी 20 मेनंतरच आभाळ फाटले आणि 25 मेला मोसमी पाऊस तळकोकणात दाखल झाल्याची बातमी आली. आमचे सगळे गणित उन्हावर मांडलेले होते. दोरीवरचे कपडे वाळेनात. तीन कमीजांपैकी एक अंगावर, दोन ओले. आणि अंगणात भूरा ओला. सुका कुत्रा अंगाला घासला तर शाफईंचीही तक्रार नसते. ओल्या कुत्र्याचा मात्र प्रत्येक स्पर्श सात धुण्यांचा. सात वेळा धुतलेला कपडा वाळायचा कधी?

त्या रात्री वारा सुटला. फणसावर बांधलेली ताडपत्री फडफडत होती. मधूनच भूराचा बारीक आवाज यायचा. आम्ही अंथरुणात जागे होतो आणि एकमेकांना काही बोलत नव्हतो. त्याला पडवीत घ्यावे असे दोघांच्याही मनात होते. पण घर अम्मांचे, अट अम्मांची, डोळा अम्मांचा. अट मोडायचे धाडस होईना.

एवढ्यात माजघरातला दिवा लागला. डोळ्यावर हिरवा पडदा लावलेल्या अम्मा भिंतीला धरून बाहेर आल्या.

"जनावर भिजते आहे आणि तुम्हांला झोप कशी लागते?" त्या म्हणाल्या. "पडवीत घ्या त्याला."

आम्ही धावलो. साखळी सोडली. तो एका उडीत पडवीत आला आणि कुत्रे करते तेच त्याने केले. उभे राहून नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडले. पाणी आमच्या दोघांच्या कपड्यांवर उडाले आणि दारात उभ्या असलेल्या अम्मांच्या साडीवरही. आमचा जीव गोळा झाला. पहिल्यांदा डोळा पाहिला. डोळा कोरडा होता. मग माफी मागायला तोंड उघडले.

अम्मांनी साडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "फळीवरचा डबा काढा."

पडवीच्या फळीवर तुपाचा जुना पत्र्याचा डबा होता. झाकण काढले. आत कोरडी, चाळून घेतलेली तांबडी माती काठोकाठ भरलेली.

"तुमचा फोन आला त्याच दिवशी भरून ठेवली," अम्मा म्हणाल्या. "पाऊस लागला की चांगली माती मिळत नाही. मग धुणार कशाने, चिखलाने?"

तो फोन एप्रिलमधला. तेव्हा त्यांच्या डोळ्यावर पडदा होता, समोरचे माणूस धूसर दिसत होते. त्या डोळ्यांनी त्यांनी अंगणातली माती खणली, चाळली आणि डबा फळीवर ठेवला. आम्ही दोन पिशव्या भरताना भूराचा स्पर्श कुणाला होऊ नये याचाच विचार केला होता. त्यांनी तो होणार हे धरून तयारी केली होती.

त्या रात्री न्हाणीत आम्ही तिघांचे कपडे धुतले. अम्मा दाराशी पाटावर बसून बोटांवर मोजत होत्या. मातीचे धुणे पहिले, मग स्वच्छ पाण्याची सहा. सोलापूरकडच्या आमच्यापैकी एकाने चौथ्यालाच पिळायला घेतले तेव्हा त्यांनी दटावले, "अजून तीन." ती रात्र आम्ही ईदसाठी जपून ठेवलेल्या पांढऱ्या जोडांत काढली, कारण दुसरे कोरडे काही नव्हतेच. पडवीत लाल टॉवेलावर, उंबऱ्याच्या बाहेर पुढचे पाय पसरून भूरा झोपला होता. अम्मांनी जाताना त्याच्याकडे पाहिले. हात लावला नाही. तो त्यांनी पुढेही कधी लावला नाही. पण दिवा मात्र त्यांनी चालू ठेवायला सांगितला.

जूनमध्ये निघताना त्यांनी डबा पुन्हा भरून डिकीत ठेवला. ओल्या दिवसांत एवढी कोरडी माती त्यांनी कुठून मिळवली, हे आम्ही विचारले नाही. तो आता आमच्या सोलापूरच्या गॅलरीत, भूराच्या भांड्याशेजारी आहे. आंब्यांच्या पेटीवर पुन्हा चिठ्ठी येऊ लागली आहे. तिच्यात शेवटच्या ओळीत विचारलेले असते, तो कसा आहे, आणि माती पुरते ना.