हातचा एक

बेरीज सोपी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती दुसरीतल्या मुलीला घरी शिकवून पाहावी. मी बी. कॉम. आहे. वीस वर्षं बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवतो. पण आमच्या कन्येपुढे हा अनुभव शून्य!

"सत्तावीस अधिक पाच," मी म्हणालो.

"बाबा, लिहिताना दोन आधी, मग बोलताना सात आधी का?"

प्रश्न बिनतोड. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असंही वाचन छापलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! आणि एकोणतीस? तिथे तर बेरजेआधीच वजाबाकी.

"सात आणि पाच बारा. दोन लिही, हातचा एक."

तिने माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "कुठाय?" मग डोळे भरून आले. "मला गणित येतच नाही!"

हे वाक्य मात्र घरात मुक्कामाला राहू देण्यासारखं नव्हतं. मी काड्यापेटी रिकामी केली. दहा काड्या झाल्या की रबर बँड, नोटांना लावतात तसा. सत्तावीस म्हणजे दोन जुड्या, सात सुट्या. त्यात पाच टाकल्या. तिने दहा मोजून तिसरी जुडी बांधली. उरल्या दोन.

"तीस दोन! म्हणजे तुझे बत्तीस. हातचा म्हणजे ही जुडी होय? मग जुडीच म्हणा ना!"

हल्ली देवापुढे दिवा लावायला काड्यापेटी उघडावी, तर आत चार जुड्या, तीन सुट्या.

"बापावर गेलीय," सौ. म्हणते. "आता संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय जेवणार नाही!"