राहून गेलेले कुणाच्या वाट्याला येते?

गेल्या महिन्यात आमच्या नालासोपाऱ्याच्या घरात मोठे भांडण झाले. ताईची नात यंदा दहावी पास झाली. ताई म्हणाली, "सायन्स घे, नर्स हो." पोर म्हणाली, "मला कॉमर्स घ्यायचंय, बँकेच्या परीक्षा द्यायच्यात. आजी, तुझं राहिलं ते मी का करू?"

ताई उठून आत गेली. रात्री जेवली नाही. आम्ही दोघे भाऊ तिथेच बसलो होतो. आमच्या माना खाली गेल्या. कारण ताईचे का राहिले, हे आम्हाला ठाऊक होते.

आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. साचाखात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून आपल्या माणसांना विटाळाच्या नावाखाली तिथे घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. साचा चालवायचा हे आजोबांचे स्वप्न त्यांच्या हयातीत राहूनच गेले. ते पुरे केले आमच्या वडिलांनी. वडील साच्यावर लागले त्या दिवशी आजोबांनी चाळीत पेढे वाटले, असे आई सांगायची.

मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. ताई तेव्हा नववीत होती. तिला नर्स व्हायचे होते. इस्पितळाच्या फाटकातून पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सा बाहेर पडताना पाहायला ती मुद्दाम वाकडी वाट करून शाळेत जायची. संप लांबला, घरातली भांडी विकली गेली, ताईची शाळा सुटली. ती आईबरोबर पापड लाटू लागली. त्या पैशांत आम्ही दोघे शिकलो. तिला कोणी विचारले नाही. १९९१ साली चाळीतली खोली विकून आम्ही इकडे आलो, वडील वॉचमन झाले.

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली आले. आम्ही दोघे भाऊ ते पाहून आलो. ताईला नेले नाही. नाटकात गिरणगावातले एक घर आहे. आई, तीन मुलगे, एक मुलगी. एकाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटच्या नादात आहे, एक गुंडगिरीकडे वळला आहे. कोणीच मुळात वाईट नाही, तरी सगळे एकमेकांना टोचून बोलतात. गिरणीच्या मालकापर्यंत हात पोचत नाही, मग राग घरातल्या माणसावर निघतो. परतीच्या गाडीत नालासोपाऱ्यापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

हेच घर अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लेखणीतही सापडते. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचे पुढे होते काय, असा सवाल लँग्स्टन ह्यूज यांनी १९५१ साली एका कवितेत केला. त्याच कवितेतले शब्द घेऊन लॉरेन हॅन्सबेरी या तरुणीने आपल्या नाटकाला नाव दिले. ते १९५९ साली रंगमंचावर आले. शिकागोतल्या एका कष्टकरी घरात मेलेल्या वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात. आईला घर घ्यायचे आहे, मुलाला दुकान काढायचे आहे, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. पैसा एक, स्वप्ने तीन. आई घरासाठी काही रक्कम भरते. उरलेली, बहिणीच्या शिक्षणासकट, मुलगा भागीदाराच्या हाती देतो आणि सगळी बुडते. घर गोऱ्यांच्या वस्तीत असते. तुम्ही इथे येऊ नका, हवे तर पैसे घ्या, असे सांगायला एक गोरा माणूस येतो. त्याला काय उत्तर द्यायचे हे आई त्या चुकलेल्या मुलावरच सोपवते. आणि तो नकार देतो.

आम्हाला ती आई मोठी वाटते ती यासाठी. तिने मुलाला अपराधाची आठवण देत आयुष्यभर बांधून ठेवले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईजवळ बसलो. चाळीस वर्षांत न बोललेले बोललो, "ताई, आमचं शिक्षण तुझ्या शाळेतून कापून निघालं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे एकदा तरी बोलला असतात, तर पोरीच्या मागे लागले नसते मी."

आम्हाला उत्तर सुचले नाही.

पोरीने कॉमर्सला नाव घातले आहे. तिनेच परवा शाळेत जाऊन बाहेरून दहावीला बसण्याच्या १७ नंबरच्या फॉर्मची चौकशी केली. ताई हसली, हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. भाकरी थापताना मात्र हळूच विचारले, "गणित अजून तेवढंच अवघड असतं का गं?"

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यातल्या बहुतेक घरांत अशी एक ताई असते. तिचे आभार मानायला सभा नको, हार नको. आज जेवताना एवढेच विचारा, तुला काय व्हायचं होतं? आणि ती बोलू लागली की मध्ये बोलू नका.