पंपाआधी पाइप

अलिबागच्या आमच्या घरामागच्या पूलमध्ये साधारण 45,000 लिटर पाणी मावतं. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे तासाला साडेसात हजार लिटर. तेवढं फिरतच नव्हतं. क्लोरीन बरोबर, बॅकवॉश वेळच्या वेळी, तरी पाणी गढूळच. दीड हॉर्सपॉवरचा पंप काढून दोनचा बसवा, असा सल्ला एका विक्रेत्याने दिला.

आमच्या प्लंबरमामांनी मात्र पंपाच्या पारदर्शक झाकणाकडे बोट दाखवलं. आत जाळीच्या डब्यात नुसती बुडबुड्यांची गर्दी. "ताई, पंपात दम आहे. त्याचा घसा आवळलाय," ते म्हणाले. काठावरचा स्किमर आणि तळाचा मेन ड्रेन, दोन्हींचं पाणी एकाच दीड इंची पाइपातून येत होतं, शिवाय पंपाच्या तोंडाशीच दोन एल्बो. खेच वाढली की जुन्या सांध्यांतून हवा आत शिरते. मोठ्या पंपाने ती आणखीच शिरली असती. उलट दीडचा पाइप दोन इंची केला, की तेवढंच पाणी वाहताना होणारं घर्षण जवळपास एक चतुर्थांशावर येतं.

काम काढलं ते भर उन्हाळ्यात, विहिरीचं पाणी खोल गेल्यावर. पावसाळ्यात कोकणात पूल रिकामा करू नये. जमिनीतलं पाणी खालून रेटा देतं आणि रिकामा पूल उचलला जाऊ शकतो.

स्किमर आणि ड्रेनला वेगवेगळी लाइन, प्रत्येकीला आपला बॉल व्हॉल्व्ह, पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड. फिल्टरमधली वाळूही बदलली. मामा पाइपाची कापलेली कड पात्याने साफ करत, सॉल्व्हंट लावत, पाइप आत दाबताना पाव फेरा देत आणि सांधा पकडेपर्यंत हात हलवत नसत. पुढचे 24 तास त्यांनी लाइनीत पाणी सोडू दिलं नाही.

सगळ्यांत जास्त खर्च तळ फोडून दुसरा ड्रेन बसवण्यात आणि मग वॉटरप्रूफिंगमध्ये गेला. त्यावर घरात वाद झाला; मी हटले नाही. ड्रेन एकच असेल आणि त्यावर केस किंवा अंग अडकलं, तर पंपाची सगळी ओढ तिथेच लागते. अमेरिकेत 2002 मध्ये सात वर्षांची व्हर्जिनिया ग्रेम बेकर हॉट टबमध्ये अशीच ड्रेनला खेचली जाऊन बुडाली. 2007 मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. तीन फुटांपेक्षा जास्त अंतरावर दोन ड्रेन एकाच लाइनीला जोडले, तर एक झाकला गेला तरी पाणी दुसऱ्यातून येत राहतं.

पंप जुनाच आहे. झाकणाखाली आता बुडबुडा दिसत नाही, आणि तळाच्या टाइलच्या रेघा वरून मोजता येतात.

तुमच्या बंगल्यात, सोसायटीत किंवा सुट्टीला जाता त्या रिसॉर्टमध्ये पूल असेल, तर मुलांना उतरवण्याआधी ड्रेनची जाळी बघा. ती फुटलेली किंवा सैल असेल, तर पंप बंद करायला लावा आणि नवी बसेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.